हे गाणे तुला कोणी सांगितले?

चांगला डॉक्टर, लग्नासाठी चांगला बावर्ची आणि ऐकण्यासारखी चांगली कव्वाली या गोष्टी जाहिरात बघून मिळत नाहीत. कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा भरवशाचा असावा लागतो. "अमुक मैदानात अमुक पार्टी येतेय, चुकवू नका" किंवा "ही कॅसेट घेऊन जा, पण दुसरी बाजू आधी लाव" असे सांगणारा एखादा माणूस आमच्या ट्रॉम्बेच्या गल्ल्यांत हमखास असायचा. तो बहुधा फार शिकलेला नसे. कोणी गॅरेजमध्ये, कोणी गोदीत, कोणी शिवणयंत्रावर. पण कोणत्या कव्वालाने कोणता कलाम कधी गायला आणि कोणत्या मेहफिलीत तो अधिक रंगला, हे त्याला तोंडपाठ असे.

आता हे काम फोन करतो. एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते. घरात पाच माणसे असतील तर पाच जणांच्या कानांत पाच वेगळी गाणी. मुलगा काय ऐकतो ते अब्बांना माहीत नाही आणि कोणाचा आवाज ऐकून अब्बांचे डोळे भरून येतात ते मुलाला माहीत नाही. घरात संगीतावर बोलणे झालेच, तर ते "बंद कर ते!" या तीन शब्दांत संपते.

वाचकहो, संगीत जायज की नाजायज, याचा निकाल देण्यासाठी हा लेख नाही. तो उलमांचा विषय आहे आणि त्याबद्दल बुजुर्गांनी काय म्हटले आहे ते पुढे येईलच. इथे बोलायचे आहे ते एका साध्या रितीबद्दल: एकाने ऐकावे, त्याला आवडावे आणि त्याने ते दुसऱ्याला सुचवावे. ही रीत आपल्या समाजात चांगली रुजलेली होती. ती सुटत चालली आहे आणि तिच्यासोबत आणखीही काही सुटते आहे.

पत्रांवर चाललेला कार्यक्रम

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे चाहते. चित्रपट गीतांनी लोकांची आवड बिघडते, असे त्यांचे मत होते आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होता मुंबईचा, वीस वर्षेही पूर्ण न झालेला एक तरुण. नाव अमीन सयानी.

कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती कोलंबोला जायच्या. सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावायला सांगत. चाळीस-पन्नास पत्रे येतील असा अंदाज होता. सयानी साहेबांनी अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिल्याच खेपेला नऊ हजार आली, आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. पुढे गाण्यांचा क्रम ठरवताना रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचे मतही घेतले जाऊ लागले. श्रोता संघ म्हणजे चहाच्या दुकानात किंवा कोणाच्या ओसरीवर जमणारी दहा-वीस माणसे. एकत्र ऐकायचे, वाद घालायचे, यादी करायची आणि सगळ्यांच्या नावानिशी पत्र पाठवायचे.

'फर्माईश' हा शब्द घराघरांत गेला तो याच काळात. फर्माईश करताना माणूस नुसते गाणे मागत नसे. तो आपले नाव, गावाचे नाव, घरच्यांची नावे कळवी. बिहारमधले (आता झारखंडमधले) झुमरीतलैया हे छोटे गाव केवळ फर्माईशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि आकाशवाणीलाही श्रोत्यांची आवड मान्य करावी लागली.

अमीन सयानी यांच्या घरची एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या वालिदा कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचे काम करत. नव्याने अक्षर शिकलेल्यांसाठी त्यांनी १९४० ते १९६० अशी वीस वर्षे 'रहबर' हे पाक्षिक चालवले. भाषा सोपी हिंदुस्तानी आणि लिपी तीन: उर्दू, नागरी आणि गुजराती. मुलगा त्या कामात हातभार लावत असे. त्याच्या आवाजातली ती साधी, कोणालाही परकी न वाटणारी जबान या घरात घडली. श्रोत्यांना साद घालताना तो आधी बहिणींना हाक मारी, मग भावांना. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, अमीन सयानी यांचे निधन झाले.

जनता कॉलनीतून आलेले आवाज

आता आमच्या वस्तीकडे येऊ. ट्रॉम्बेचा चिता कॅम्प ही वस्ती आपसूक वाढलेली नाही. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी होती. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, ती पाडण्यात आली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना खाडीकाठच्या या जागेवर हलवण्यात आले. तिथल्या रहिवाशांसाठी लढलेले जॉकिन अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण एवढेच की, ही माणसे देशाच्या नाना कोपऱ्यांतून आलेली होती. तमिळ, मलबारी, उत्तर प्रदेशी, दखनी, मराठी. भांडीकुंडी, कपडेलत्ते यांच्याबरोबर प्रत्येकाची गाणीही आली.

त्यामुळे आमच्याकडे एका गल्लीत तीन-तीन भाषांचे संगीत ऐकू येई. तमिळ घरांत नागूर ई. एम. हनिफा यांचा बुलंद आवाज. १९२५ मध्ये जन्मलेल्या आणि २०१५ मध्ये अल्लाहला प्यारे झालेल्या या गायकाची इस्लामी गीते तमिळ मुलखात मुस्लिमेतर घरांतही आवडीने ऐकली जातात. मलबारी घरांत शादीच्या वेळी माप्पिळा पाट्टू आणि दफ. उत्तरेकडच्या घरांत नात आणि कव्वाली. मराठी घरांत भजन, भीमगीते आणि लोकगीते. भाषा न कळताही शेजाऱ्याची चाल मुलांच्या तोंडी बसत असे. मग कोणीतरी विचारी, "चाची, हे काय गातात? अर्थ काय?" आणि चाची पोळपाट-लाटणे बाजूला ठेवून अर्थ सांगत बसे. नवे गाणे माहीत होण्याचा हा सगळ्यात जुना मार्ग.

मुंबईची कव्वाली, रत्नागिरीचा शायर

कव्वाली म्हटले की आपल्याला दिल्ली, अजमेर आठवते. हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) आणि त्यांचे मुरीद अमीर खुसरो (१२५३-१३२५) यांच्या नावाशी ती कायमची जोडलेली आहे. पण विसाव्या शतकात कव्वालीचे दुसरे मोठे घर मुंबई होते. १९४५ च्या 'झीनत' चित्रपटात नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायलेली कव्वाली ही पडद्यावर बायकांनीच गायलेली पहिली गाजलेली कव्वाली मानतात. १९५८ च्या 'अल हिलाल'मधल्या कव्वालीने इस्माईल आझाद यांचे नाव देशभर झाले. युसूफ आझाद, जानीबाबू, शकीला बानो भोपाली, रशिदा खातून, अशी नावे पुढे पोस्टरवर झळकत राहिली.

यांत अझीझ नाझाँ यांची कथा वेगळी आहे. १९३८ मध्ये मुंबईतल्या एका मलबारी मुस्लिम घरात त्यांचा जन्म झाला. घरच्यांना गाणे पसंत नव्हते. तरीही मुलगा कव्वाल झाला आणि १९७० च्या दशकात त्याचा आवाज रिक्षा, हॉटेल, लग्नमंडप सगळीकडे पोचला. १९७४ च्या 'फाईव्ह रायफल्स'मधले 'झूम बराबर झूम' तर साऱ्यांनाच ठाऊक आहे. ज्यांना त्याचा विषय पटत नाही त्यांनी 'चढता सूरज' ऐकावे. दौलत, सत्ता, रूप यांपैकी काहीही टिकणारे नाही, एवढीच गोष्ट त्यात वाढत्या जोराने सांगितली आहे. एखाद्या वाझमध्ये शोभावा असा विषय, आणि तो ट्रकवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना भिडला.

ही कव्वाली कोणी लिहिली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. शायराचे नाव कैसर रत्नागिरवी. म्हणजे आपल्या कोकणचे नाव मिरवणारा उर्दू शायर. आणि 'झूम बराबर झूम'चे शायर नाझा शोलापुरी. एकाच्या नावात रत्नागिरी, दुसऱ्याच्या नावात सोलापूर! उर्दू ही महाराष्ट्राबाहेरची भाषा आहे, असे म्हणणाऱ्याला ही दोन नावे दाखवावीत. २०१७ मध्ये मधुर भांडारकर यांनी आणीबाणीवर 'इंदू सरकार' हा चित्रपट काढला, तेव्हा त्यात 'चढता सूरज' पुन्हा घेतले गेले. गायले अझीझ नाझाँ यांच्याच मुलाने, मुजतबा अझीझ नाझाँ यांनी. आणीबाणीतच वसवल्या गेलेल्या आमच्या वस्तीत या कव्वालीचा अर्थ कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मुकाबला आणि 'मुकर्रर'

त्या काळात कव्वालीचे मुकाबले होत. एका मंचावर दोन पार्ट्या, कधी एक पुरुषांची आणि एक स्त्रीची. सुरुवात अदबीने: आधी हम्द, मग नात, मग एखाद्या बुजुर्गाची मनकबत. रात्र चढू लागली की गझल, आणि मग सवाल-जवाब. एका पार्टीने शेरातून टोला मारायचा, दुसरीने त्याच रदीफ-काफियात तो परतवायचा. अनेक पार्ट्यांबरोबर शायर असे. समोरचा गात असतानाच तो कागदावर उत्तर लिहून पुढे सरकवी. श्रोते "मुकर्रर!" म्हणून पुन्हा म्हणायला लावत. शेर पसंत पडला तर कोणी उठून नजराणा देई. पहाटेच्या अजानआधी बैठक आटोपती घ्यावी लागे.

या मुकाबल्यांची कीर्ती तोंडी पसरे. कोणती पार्टी जवाबात तेज, कोणती नुसती आवाजावर चालते, कोणत्या पार्टीचा शायर चांगला, अशी चर्चा नळावर आणि न्हाव्याच्या दुकानात होई. घरच्या बायका मागे पडद्याच्या बाजूला किंवा गच्चीवर बसून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निकाल बहुधा पुरुषांच्या निकालापेक्षा वेगळा असे!

कव्वालीचा हा बाज मुसलमानांपुरता राहिला नाही. बाबासाहेबांचे विचार गावोगाव नेणाऱ्या गायकांनी तो उचलला. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या काळात भीमगीतांचे कव्वालीच्या धर्तीवर मुकाबले रंगले. तीच ढोलक, तीच टाळी, तोच सवाल-जवाब, पण भाषा मराठी आणि विषय माणसाच्या सन्मानाचा. आमच्या चेंबूर-मानखुर्द-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात दोन्ही समाज शेजारी राहतात. उरुसाला ते आमच्याकडे येत आणि चौदा एप्रिलला आम्ही त्यांच्याकडे. "यंदा तुमच्याकडे कोण येतंय?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जाई.

हातोहात फिरणारी कॅसेट

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि शिफारशीला पाय फुटले. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणायची, ओळखीच्या दुकानदाराकडे कागदावर यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. यादीचा तो कागद म्हणजे करणाऱ्याच्या पसंतीची परीक्षा. अ बाजूला काय, ब बाजूला काय, शेवटी पाच मिनिटे उरली तर त्यात कोणता छोटा कलाम बसेल, याचा विचार करावा लागे.

पाकिस्तानच्या साबरी ब्रदर्सचा आवाज आमच्या गल्ल्यांत असाच आला. आखातात नोकरीला गेलेला कोणी सुट्टीवर येताना चार कॅसेटी आणी आणि महिनाभरात त्यांच्या चाळीस होत. नुसरत फतेह अली खान यांना राज कपूर यांनी मुलाच्या लग्नासाठी मुंबईला बोलावले होते. १९८५ मध्ये इंग्लंडच्या वोमॅड महोत्सवात गायल्यावर तर ते जगाचे झाले. पण आमच्याकडे ते पोचले तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून, खरखर ऐकत. टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची, तुटली की चिकटपट्टीने जोडायची. देणारा बजावून सांगे, "आठ दिवसांत परत कर, आणि वरून काही भरू नकोस." परत करताना "कशी वाटली?" हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे ऐकणे टाळता येत नसे. काहीतरी मत द्यावेच लागे, आणि मत देण्यासाठी नीट ऐकावे लागे.

बुजुर्गांनी घातलेल्या अटी

इथे आपल्या घरांतला मोठा प्रश्न येतो. समाआ, म्हणजे संगीत ऐकणे, यावर उलमांमध्ये मतभेद पहिल्यापासून आहेत. अनेक उलमा वाद्ये मान्य करत नाहीत. दफला ईद आणि निकाहच्या प्रसंगी बरेच जण परवानगी देतात. सूफींमध्येही नक्शबंदी सिलसिला समाआपासून दूर राहिला आणि चिश्ती सिलसिल्याने तो जवळ केला. पण जवळ करणाऱ्यांनीही मोकळे रान दिले नाही, हे आपण विसरतो.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. हजरत जुनैद बगदादी (रह.) यांच्या नावाने तीन अटी सांगितल्या जातात: जमान, मकान आणि इख्वान. वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी आणि सोबतीची माणसे योग्य हवीत. नमाजची वेळ टळत असेल तर ऐकणे नाही.

हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांनी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. गाणारा कोण आहे: तो प्रौढ पुरुष असावा. ऐकणारा कोण आहे: त्याचे मन अल्लाहच्या यादेत असावे. काय गायले जाते: त्यात अश्लीलता आणि थट्टामस्करी नसावी. आणि कशावर गायले जाते: चंग, रबाब यांसारखी वाद्ये नसावीत. या कसोटीवर आजच्या बहुतेक मेहफिली उतरणार नाहीत, हे मान्य करायला हवे. हे बोल ज्यांनी 'फवायदुल फुवाद'मध्ये नोंदवून ठेवले, ते अमीर हसन सिजझी आपल्या महाराष्ट्रात, खुलदाबादला दफन आहेत. समाआची ओढ असलेले निजामुद्दीन औलियांचे खलिफा हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) हेही तिथेच विसावले आहेत.

ज्या घरांत संगीत ऐकत नाहीत, त्यांच्या मताचा आदर राखूनच हे लिहिते आहे. त्यांच्याही मुलांच्या हातात फोन आहे आणि वाद्यांशिवायच्या नातीही त्याच फोनवरून येतात. या अटींमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा शब्द 'इख्वान' हा आहे. तू कोणाबरोबर ऐकतोस? फोनने नेमका हाच प्रश्न पुसून टाकला आहे.

फोन कसे सुचवतो?

फोनवरची शिफारस ही जादू नाही. तुम्ही जे ऐकले, ते आणखी ज्या लाखो लोकांनी ऐकले, त्यांनी पुढे काय ऐकले हे यंत्र पाहते आणि तेच तुमच्यापुढे ठेवते. कोणते गाणे पूर्ण ऐकले, कोणते मध्येच सोडले, कोणते पुन्हा लावले, याची ते नोंद ठेवते. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस सेकंद ऐकले तर गाणे 'ऐकले' असे धरले जाते. साहजिकच पहिल्या अर्ध्या मिनिटात पकड घेणारी गाणी वाढली. नुसरत साहेबांची कव्वाली वीस-पंचवीस मिनिटे चालते आणि पहिली काही मिनिटे तर फक्त मेहफिल जमवण्यात जातात. 'थोडं थांब, पुढे बघ काय होतं' असे सांगणारे माणूस शेजारी नसेल तर तिथवर कोण टिकणार?

आठवीच्या वर्गात मी एकदा मुलांना आवडते गाणे, नात किंवा कव्वाली वहीत लिहायला सांगितले. पुढे दोन रकाने: कोणी लिहिले, आणि तुला कोणी सांगितले. पहिला रकाना जवळजवळ सगळ्यांचा कोरा राहिला. दुसऱ्यात बहुतेकांनी लिहिले, "आपोआप आले." काहींनी मात्र "मामूने", "वरच्या मजल्यावरच्या दीदीने" असे लिहिले होते, आणि त्याच मुलांना त्या गाण्याबद्दल चार वाक्ये बोलता आली.

फोनचे उपकारही आहेत. हनिफांची जी गीते मिळवायला पूर्वी कोणी मद्रासहून यायची वाट बघावी लागे, ती आज एका बोटावर आहेत. गोवंडी-मानखुर्दची मुले-मुली रॅप लिहितात, आपल्या गटाराबद्दल, धुराबद्दल, शाळेबद्दल बोलतात आणि फोनमुळेच ते बाहेर ऐकू जाते. त्यांना हसण्याआधी शब्द ऐकावेत. रदीफ-काफियाची त्यांची पकड पाहून मला पुष्कळदा मुकाबल्यांचे शायर आठवतात.

पण यंत्राला एक गोष्ट कळत नाही. पालक सभेत एका आईने सांगितलेली हकीकत अशी. तिचा दहावीतला मुलगा नापास होण्याच्या भीतीने खचला होता. रात्र रात्र उदास गाणी ऐकायचा. जितकी ऐके, तितकी फोन आणखी देई. एके दिवशी इअरफोन बिघडला आणि गाणे खोलीभर वाजले. तमिळ दादीने दहा मिनिटे निमूट ऐकले आणि विचारले, "बाळा, हे किती दिवस ऐकतो आहेस?" मग तिने त्याच फोनवर हनिफांचे एक गीत लावायला लावले, त्याचा अर्थ मोडक्या हिंदीत सांगितला, आणि जनता कॉलनी पडली त्या दिवसांत ते कसे ऐकत असू हेही सांगितले. मुलगा त्या रात्री दादीशी तासभर बोलला. दुसऱ्या दिवशी आईने शाळेत येऊन वर्गशिक्षकांची भेट घेतली आणि पुढचा मार्ग निघाला. गाण्याने मुलगा बरा झाला, असे मी म्हणणार नाही. दादीच्या कानावर ते पडले, म्हणून घराला कळले.

घरात काय करता येईल?

आठवड्यातून एक दिवस, रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास, घरात 'फर्माईश' ठेवून बघा. आमच्या शाळेतल्या काही पालकांनी सुरू केले आहे. नियम थोडे आहेत.

एक: इअरफोन नाही. प्रत्येकाने एकच गोष्ट ऐकवायची. ज्या घरात वाद्ये चालत नाहीत तिथे नात, हम्द, तरन्नुममधली नज्म किंवा मुशायऱ्याचे ध्वनिमुद्रण चालेल.

दोन: ऐकवण्याआधी एका वाक्यात कारण सांगायचे. "छान आहे" हे कारण नाही. "यातल्या दुसऱ्या शेरात बाप आपल्या मुलाला जे सांगतो ते ऐका" हे कारण आहे.

तीन: शायराचे नाव शोधून सांगायचे. गायकाचे नाव फोन दाखवतो, शायराचे शोधावे लागते. मुलांना कैसर रत्नागिरवी असेच सापडतील.

चार: दुसऱ्याची फर्माईश पूर्ण ऐकायची, मध्ये हसायचे नाही. आवडले नाही तर शेवटी अदबीने सांगायचे. हा नियम मोठ्यांना जास्त लागू आहे.

पाच: शब्द वाईट असतील तर नुसते बंद करू नका. काय खटकले ते सांगा. 'काय गायले जाते' ही बुजुर्गांची अट मुलांना समजावून सांगण्याची हीच वेळ.

आरोग्याचीही एक बाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मुलांनी कानाला लावून ऐकताना आवाज ७५ डेसिबलच्या आत आणि आठवड्याला चाळीस तासांच्या आत ठेवावा. मोठ्यांसाठी मर्यादा ८० डेसिबल आहे. बाजूला बसलेल्याला तुमच्या इअरफोनमधले शब्द ऐकू येत असतील तर आवाज जास्त आहे, असे समजा.

प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर

काही ठिकाणी मात्र जाऊनच ऐकावे. मिरजेला हजरत ख्वाजा शमना मीरा (रह.) यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीत सभा भरते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते आणि त्याच दर्ग्याच्या आवारात दफन आहेत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, ही परंपरा महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्या कारागिरांत शिकलगार मुस्लिम घराणी पुढे आहेत. २०२४ मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सहकुटुंब जावे, मुलांना तंबोरा कसा घडतो तेही दाखवावे.

मुंबईत माहीमला हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचा डिसेंबरातला मेळा आहे. हे बुजुर्ग कुरआनचे भाष्यकार होते, हे जत्रेच्या गर्दीत मुलांना सांगायला विसरू नका. फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत 'रुहानियत' हा सूफी संगीताचा महोत्सव २००१ पासून ओळखीचा झाला आहे. तिकीट लागते, पण देशभरचे लोकगायक एका ठिकाणी ऐकायला मिळतात. आणि १४ एप्रिलच्या आसपास आपल्याच शेजारच्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम असतो. त्याला ना तिकीट लागते ना गाडीभाडे. बोलावणे यायची वाट बघू नका, आपणहून जा.

हे सगळे जमले नाही तरी एक गोष्ट प्रत्येक घरात जमण्यासारखी आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा की तरुणपणी ते काय ऐकत होते आणि ते त्यांना कोणी सांगितले होते. उत्तरात एक गाणे मिळेल आणि एका माणसाचे नाव मिळेल. दोन्ही वहीत लिहून ठेवा. गाणे फोनवर पुन्हा सापडू शकेल. ते नाव मात्र दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही.